बीआरएमच्या मेडलमागे टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या माणसाचं एक जुनं भांडण आहे

तुमच्या फ्रेंडलिस्टमध्ये असा एक तरी सायकलवाला असतोच. पावसाळा सरला की त्याच्या स्टोरीवर पहाटे चारचा हायवे दिसायला लागतो. अंगात चमकणारं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, टपरीवरचा चहा, शिक्के मारलेलं एक कार्ड आणि काही महिन्यांनी हातात मेडल. खाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास विचारतं की, भाऊ कितवा नंबर आला? मग सायकलवाला वैतागून सांगतो की यात नंबर नसतो.

खरंच नसतो. या राइडला बीआरएम म्हणतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे. तुम्ही पहिले आलात काय आणि शेवटच्या पाच मिनिटांत धापा टाकत पोचलात काय, दोघांची किंमत सारखीच. एकाच वर्षात या चारही राइड मारल्या की तुम्ही सुपर रँडोनर, म्हणजे सायकलवाल्यांच्या भाषेत एसआर. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरमध्ये हे वेड चांगलंच रुजलंय. आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स ही संस्था या राइड बघते, पण राइड पूर्ण झाल्यावर तिच्यावर शिक्कामोर्तब होतं ते थेट पॅरिसमध्ये, ऑडॅक्स क्लब पारिसियाँ नावाच्या क्लबात.

सातारा रोडवर मारलेल्या राइडचा हिशोब पॅरिसमध्ये का ठेवला जातो? आणि जिंकण्या-हरण्याशी काही घेणंदेणं नसलेली ही भानगड सुरू कुणी केली?

तर ती सुरू करणारा गडी होता हेन्री देग्रांज. जगातली सगळ्यात क्रूर सायकल रेस म्हणून जिचं नाव झालं ती टूर द फ्रान्स यानेच काढली. आता एकाच माणसाने रेसही काढली आणि जिथे रेस करायची नाही अशी राइडही काढली, ही गोष्टच मुळात विचित्र आहे. त्याहून विचित्र म्हणजे आज आपल्याकडची पोरं जी राइड मारतात ती या देग्रांजला अजिबात मान्य नव्हती.

३१ जानेवारी १८६५ ला पॅरिसमध्ये देग्रांजचा जन्म झाला. जुळा होता, भावाचं नाव जॉर्ज. घर बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी. कायद्याचं शिक्षण घेऊन तो एका वकिलाच्या ऑफिसात कारकुनी करायला लागला. असं सांगितलं जातं की तो ऑफिसला सायकलवर जायचा आणि सायकल मारताना त्याच्या पोटऱ्या उघड्या दिसायच्या. एका अशिलाला ते असभ्य वाटलं, त्याने तक्रार केली आणि देग्रांजची नोकरी गेली. हा किस्सा फ्रान्समध्ये इतक्यांदा सांगितला गेलाय की त्यात मीठमसाला किती हे आता वेगळं काढता येत नाही. पण सायकलपायी वकिली सुटली, एवढं नक्की.

१८९१ साली त्याने बोर्दो ते पॅरिस या रेसचा शेवट पाहिला आणि त्याला वेडच लागलं. स्वतः ट्रॅकवर उतरला. ११ मे १८९३ ला पॅरिसच्या बफेलो वेलोड्रोमवर त्याने एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापलं. एका तासात जास्तीत जास्त किती, हा सायकलिंगमधला मानाचा विक्रम. त्याच्या अधिकृत यादीत पहिलं नाव देग्रांजचंच आहे. पुढच्याच वर्षी त्याने सायकलपटूंनी सराव कसा करावा यावर पुस्तक लिहिलं. त्याचं नाव होतं डोकं आणि पाय. माणूस सायकल पायाने चालवतो पण जिंकतो डोक्याने, असं त्याचं गणित होतं. कष्ट, शिस्त, संयम, हे शब्द त्याच्या लिखाणात सारखे यायचे. पुढे हीच शिस्त त्याने इतरांवर लादली आणि त्यातूनच सगळी भांडणं झाली.

खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द काही फार मोठी नव्हती. १८९७ मध्ये तो पार्क दे प्रॅन्स या वेलोड्रोमचा डायरेक्टर झाला. आणि मग फ्रान्सच्या राजकारणाने त्याचं नशीब पालटलं.

त्यावेळी फ्रान्समध्ये ड्रेफस प्रकरण पेटलं होतं. ड्रेफस हा सैन्यातला ज्यू अधिकारी. त्याच्यावर हेरगिरीचा खोटा आरोप ठेवून त्याला शिक्षा झाली होती आणि अख्खा देश दोन गटांत फाटला होता. घराघरांत भांडणं होती. सायकलिंगचं सगळ्यात मोठं दैनिक होतं ल वेलो, हिरव्या कागदावर छापलं जायचं. त्याचा संपादक पिएर जिफार ड्रेफसच्या बाजूचा. पण पेपरला जाहिराती देणारे बरेच कारखानदार विरुद्ध बाजूचे. त्यातला मोठा मासा म्हणजे गाड्या बनवणारा काउंट द दिओं. १८९९ मध्ये पॅरिसमधल्या एका रेसकोर्सवर राष्ट्राध्यक्षांच्या डोक्यात काठी घालण्यापर्यंत मजल गेली. त्या राड्यात द दिओंही होता आणि त्याला १५ दिवसांचा तुरुंगवास झाला. जिफारने यावर टीका केली. द दिओं भडकला, त्याने जाहिराती काढून घेतल्या आणि इतर कारखानदारांना सोबत घेऊन थेट नवा पेपरच काढायचं ठरवलं. पैसे लावणाऱ्यांमध्ये टायरवाला मिशेलिनही होता.

संपादक म्हणून निवड झाली देग्रांजची. १६ ऑक्टोबर १९०० ला पेपर निघाला. नाव ल ऑटो-वेलो. समोरचा हिरवा, म्हणून हा पिवळा. पुढे नावावरून कोर्टकचेरी झाली, देग्रांज हरला आणि जानेवारी १९०३ मध्ये पेपरच्या नावातून वेलो हा शब्द काढावा लागला. वेलो म्हणजे सायकल. सायकलीवर चालणाऱ्या पेपरच्या नावातूनच सायकल गेली. खप जेमतेम २५ हजारांच्या घरात. मालक लोक अस्वस्थ.

हे घडायच्या थोडं आधी, २० नोव्हेंबर १९०२ ला, ऑफिसमध्ये काहीतरी मोठं करायला हवं अशी चर्चा झाली होती. जेओ लफेव्र नावाच्या तरुण पत्रकाराने सुचवलं की अख्ख्या फ्रान्सला फेरी मारणारी रेस घेऊ. नंतर जेवताना यावर पुन्हा बोलणं झालं. देग्रांजला खात्री नव्हती. पण पेपरचा हिशोब बघणारा व्हिक्टर गोदे तयार झाला आणि गाडी पुढे गेली. म्हणजे टूर द फ्रान्सचा जनक असा ज्याचा सगळीकडे उल्लेख होतो, त्याची ही मूळ आयडिया नव्हती. श्रेय मात्र त्यालाच मिळालं. संपादक असण्याचे फायदे, दुसरं काय.

१ जुलै १९०३ ला पॅरिसच्या बाहेर मॉंजरों इथल्या एका कॅफेसमोरून ६० जण निघाले. ६ टप्पे, २४२८ किलोमीटर. एकेक टप्पा ४०० किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे रात्रीही सायकल मारायची. जिंकला मॉरिस गारां. हा इटलीत जन्मलेला, लहानपणी धुराडी साफ करायचं काम केलेला माणूस. दुसऱ्या नंबरच्या जवळपास तीन तास आधी पोचला. ६० पैकी २१ जणांनीच रेस पूर्ण केली. आणि पेपरचा खप? ६५ हजार. समोरचा हिरवा पेपर पुढच्या वर्षभरात संपला.

आता इथून पुढे देग्रांजची जी गोष्ट जगभर सांगितली जाते ती टूरची. पण १९०४ या एका वर्षाकडे नीट बघितलं तर दुसरीच गोष्ट सापडते.

त्याच्या काही वर्षं आधी, १२ जून १८९७ ला, इटलीत काही सायकलवाल्यांनी रोम ते नेपल्स हे २३० किलोमीटर अंतर दिवसाउजेडी पूर्ण केलं होतं. रेस नव्हती, जमतंय का बघू असा प्रकार. या प्रकाराला नाव पडलं ऑडॅक्स. लॅटिन शब्द, अर्थ धाडसी. देग्रांजला ही कल्पना जाम आवडली. १८७० च्या युद्धात जर्मनांकडून हरल्यापासून फ्रेंच तरुण मऊ पडलाय अशी फ्रान्समध्ये अनेकांना काळजी होती आणि देग्रांज त्यांच्यातलाच. रेसमध्ये पळणारे शंभरभर असतात. बाकीच्या लाखोंनी नुसत्या टाळ्या वाजवायच्या का? कारकून, दुकानदार, शिक्षक यांनीही रविवारी सायकल काढून २०० किलोमीटर मारावेत असं त्याला वाटत होतं. अर्थात असा माणूस पेपरही विकत घेणार, हेही त्याच्या डोक्यात असणारच. त्याच्या बाबतीत देशप्रेम आणि धंदा यांच्यात रेघ मारायला जाऊ नये, दोन्ही एकाच ताटात असायचे.

१९०४ च्या जानेवारीत त्याच्या पेपरच्या आशीर्वादाने ऑडॅक्स क्लब पारिसियाँ सुरू झाला. नियम देग्रांजने बनवले. ३ एप्रिल १९०४ ला पॅरिस ते गायों आणि परत अशी २०० किलोमीटरची पहिली राइड झाली. पूर्ण करणाऱ्याला प्रमाणपत्र मिळायचं. फ्रेंचमध्ये त्याला ब्रेव्हे म्हणतात, बीआरएममधला बी तोच.

देग्रांजच्या ऑडॅक्समध्ये सगळे एकत्र निघत. पुढे एक रोड कॅप्टन असायचा. वेग तो ठरवणार. त्याच्या पुढे कुणी जायचं नाही आणि जास्त मागेही पडायचं नाही. चहा-जेवणाच्या जागा आणि वेळा आधीच ठरलेल्या. सगळे एकत्र निघाले, एकत्र पोचले, सगळ्यांना सारखंच प्रमाणपत्र. ज्याला २०० किलोमीटर म्हणजे डोंगर वाटतो अशा नवख्या माणसालाही घोळक्यात राहून ते जमून जायचं. मागे पडलेल्याला ओढून न्यायचं ही पद्धत. आपल्याकडे वारीत दिंडी चालते तशी सायकलची दिंडी समजा, फक्त विणेकऱ्याच्या जागी घड्याळ बघणारा कप्तान. ही कल्पना इतकी चालली की नंतर चालण्याचं आणि पोहण्याचंही ऑडॅक्स निघालं.

त्याच वर्षी जुलैमध्ये टूर द फ्रान्सचं दुसरं वर्ष होतं आणि तिथे नुसता राडा झाला. रस्त्यावर खिळे टाकले गेले. सेंत-एतियेनजवळच्या घाटात रात्रीच्या अंधारात गावकरी काठ्या घेऊन उभे होते. त्यांना आपल्या गावचा गडी पुढे जायला हवा होता, म्हणून गारां आणि इतरांना मार बसला. काही जण रेल्वेने गेल्याचे आरोप झाले. वर्षाच्या शेवटी सायकल महासंघाने चौकशी करून पहिल्या चारही जणांना बाद केलं आणि पाचव्या नंबरच्या २० वर्षांच्याही खाली वय असलेल्या हेन्री कोर्नेला विजेता जाहीर केलं. देग्रांजने आपल्या पेपरात लिहून टाकलं की टूर संपली, लोकांच्या आंधळ्या प्रेमानेच तिचा जीव घेतला.

एकीकडे बक्षिसासाठी लोक एकमेकांची डोकी फोडत होते आणि दुसरीकडे एका कागदी प्रमाणपत्रासाठी कारकून लोक गुण्यागोविंदाने २०० किलोमीटर मारत होते. दोन्हीचा बाप एकच. त्याने यातून धडा घेतला तो असा, की माणसाला मोकळं सोडलं की तो लबाडी करतो, म्हणून नियम आणखी आवळा.

टूर अर्थातच संपली नाही. १९०५ मध्ये टप्पे छोटे करून, रात्रीची राइड बंद करून ती परत आली. १९१० मध्ये सहकारी आल्फोंस स्टाइनेसच्या आग्रहाने रेस पिरेनीजच्या डोंगरात गेली. तिथले रस्ते म्हणजे पायवाटाच. त्या वर्षीचा विजेता ऑक्ताव लापीझ घाटात सायकल ढकलत वर आला आणि आयोजकांना त्याने तोंडावर खुनी म्हटलं. पुढच्या वर्षी आल्प्समधला गालिबिए घाट आला. देग्रांजचा हा सगळ्यात लाडका. त्यावर त्याने पेपरात जवळजवळ प्रेमपत्रच लिहिलं. गंमत म्हणजे घाट चढायचा होता इतरांनी.

आणि तोही गिअर न बदलता. गिअर बदलणाऱ्या सायकली तेव्हा बाजारात आल्या होत्या. सेंत-एतियेनमध्ये पॉल द विवी नावाचा माणूस, टोपणनाव वेलोसिओ, त्यांचा जोरदार प्रचार करत होता. सामान्य माणसाला लांब जायचं असेल तर गिअर हवेत, असं त्याचं साधं म्हणणं. देग्रांजचं म्हणणं असं की गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत, तरुणाने मांड्यांच्या जोरावर चढावं. आज घाटात सगळ्यात हलका गिअर टाकून चढणाऱ्या प्रत्येकाने इथे वेलोसिओला मनातल्या मनात नमस्कार करायला हरकत नाही.

देग्रांजचा दुसरा हट्ट म्हणजे मदत घ्यायची नाही. १९१३ मध्ये युजेन क्रिस्तोफ हा टूर जिंकण्याच्या बेतात असताना तुर्मले घाटाच्या उतारावर त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. नियमाप्रमाणे दुसरी सायकल घेता येत नव्हती. सायकल खांद्यावर टाकून तो १० किलोमीटरहून जास्त चालत सेंत-मारी-द-कांपां या गावात पोचला. तिथे लोहाराचं दुकान शोधलं आणि भट्टीत स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. टूरचे पंच बाजूला उभे राहून बघत होते. भात्याला दोन हात कमी पडले म्हणून एका पोराने भाता मारला, तर तेवढ्यासाठी दंडाची मिनिटं लागली. काही तास गेले, रेस गेली. आजच्या बीआरएममध्येही पंक्चर आपलं आपण काढायचं आणि घरची गाडी मागे ठेवायची नाही हा नियम आहे. त्यातला कडकपणा या काळातला आहे, फक्त लोहाराच्या पोरामुळे आता कुणी मिनिटं कापत नाही.

पहिलं महायुद्ध सुरू झालं. देग्रांजने पन्नाशी ओलांडल्यावर साधा सैनिक म्हणून नाव नोंदवलं आणि आघाडीवर जाऊन शौर्यपदक मिळवलं. दुसऱ्यांना कष्ट करायला लावणारा माणूस स्वतः मागे राहिला नाही, हे त्याच्या शत्रूंनाही मान्य करावं लागलं. १९१९ मध्ये टूर परत सुरू झाली. त्याच वर्षी पुढे असणारा गडी लोकांना ओळखू यावा म्हणून पिवळी जर्सी आली. पेपरचा कागद पिवळा, म्हणून जर्सी पिवळी. पहिली जर्सी घालायला दिली ती क्रिस्तोफला, लोहारवाल्याला. आणि त्याही वर्षी शेवटाकडे त्याचा चिमटा परत तुटला. काही माणसांचं नशीबच तसं असतं.

आता येतो तो वाद, ज्यामुळे तुमच्या मित्राच्या हातात मेडल आहे.

युद्धानंतर ऑडॅक्स क्लब पारिसियाँच्या मंडळींचे देग्रांजशी खटके उडायला लागले. १९२१ मध्ये ते टोकाला गेलं. नियम देग्रांजचे होते, ऑडॅक्स हे नाव त्याच्या पेपरमुळे चाललं होतं आणि त्याने क्लबचा ऑडॅक्स ब्रेव्हे द्यायचा अधिकारच काढून घेतला. १७ वर्षं ज्या क्लबने या राइड घेतल्या त्याच्या हातात एका रात्रीत काही उरलं नाही. देग्रांजला मानणाऱ्या लोकांनी १४ जुलै १९२१ ला वेगळी संघटना काढली आणि कप्तानाच्या मागे घोळक्याने चालवायची जुनी पद्धत पुढे चालू ठेवली.

क्लबसमोर दोन रस्ते होते. माफी मागून परत जायचं किंवा दुकान बंद करायचं. त्यांनी तिसराच काढला. अंतर तेच, प्रमाणपत्रही द्यायचं, पण कप्तान नको. ज्याने त्याने आपल्या वेगाने चालवावं. एकटं जावं, मित्रासोबत जावं, वाटेत झाडाखाली झोप काढावी, बिर्याणी खायला तासभर थांबावं (फ्रान्समध्ये बिर्याणी नसेल, पण मुद्दा लक्षात आला असेल). फक्त ठरलेल्या ठिकाणी कार्डवर शिक्का घ्यायचा आणि वेळेच्या आत पोचायचं. फ्रेंचमध्ये याला अल्युर लिब्र म्हणजे मोकळा वेग म्हणतात. सप्टेंबर १९२१ मध्ये अशी पहिली २०० किलोमीटरची राइड झाली. ती चालवणाऱ्याला ऑडॅक्स म्हणता येत नव्हतं, म्हणून शब्द वापरला रँडोनर, भटकंती करणारा.

पुढे जगभर पसरली ती हीच पद्धत. बीआरएममधला आर म्हणजे हा रँडोनर. गोंधळ असा झाला की क्लबने पद्धत बदलली तरी स्वतःचं नाव ऑडॅक्सच ठेवलं. त्यामुळे आज भारतात आपण ज्याला ऑडॅक्स म्हणतो ते देग्रांजच्या नियमाने ऑडॅक्स नाहीच. खरं ऑडॅक्स फ्रान्समध्ये अजून जिवंत आहे, कप्तानासकट. रस्त्यावर ताशी २२.५ किलोमीटरचा वेग धरून घोळका जातो आणि त्यातही मजा घेणारे लोक आहेत. नवख्याला सांभाळून नेण्यात ती पद्धत सरस आहे हे नाकारता येत नाही. बीआरएममध्ये रात्री दोन वाजता गळाठून गेलेला माणूस एकटाच असतो, त्याला ओढून न्यायची जबाबदारी कुणाचीच नसते. देग्रांजचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. चूक ही होती की दुसरी पद्धत असूच नये असं त्याला वाटत होतं.

हाच स्वभाव टूरमध्येही दिसत राहिला. १९२४ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता हेन्री पेलिसिए रेस अर्ध्यात सोडून निघून गेला. कारण काय, तर पहाटे थंडीत दोन जर्सी घालून निघालेल्याने ऊन चढल्यावर एक काढून टाकायची नाही, जेवढे कपडे घालून निघाला तेवढेच घालून पोचायचं असा नियम होता आणि पंच त्याच्या जर्सी मोजायला आला. जगातला सगळ्यात मोठा सायकलपटू स्वेटर मोजण्यावरून घरी गेला. शिवाय टूरमध्ये कंपनीचा पाठिंबा नसलेले एकांडे गडीही असायचे. राहायचं-खायचं सगळं स्वतःच बघायचं. त्यातला ज्यूल देलोफ्र टप्पा संपल्यावर रस्त्यावर कसरती करून टोपी फिरवायचा आणि त्या पैशातून रात्रीच्या खोलीचं भाडं भागवायचा. १९३० मध्ये देग्रांजने सायकल कंपन्यांच्या टीम बंद करून देशांच्या टीम आणल्या आणि खर्च भागवायला रेसपुढे जाहिरातीच्या गाड्यांची वरात सुरू केली. पेपर तुफान चालत होता. १९३३ च्या टूरच्या वेळी खप साडेआठ लाखांवर गेला होता.

या दोन पद्धती एकदा एकाच रस्त्यावर आल्या. पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, साधारण १२०० किलोमीटर. ही रेस टूरपेक्षाही जुनी. १८९१ मध्ये देग्रांजचा जुना शत्रू जिफार यानेच ती काढली होती आणि शार्ल तेरों ७१ तासांच्या वर न झोपता सायकल मारून जिंकला होता. ती दर दहा वर्षांनी व्हायची, कारण एकदा मारल्यावर माणसाला सावरायला तेवढा वेळ लागेल असंच लोकांना वाटायचं. १९०१ पासून ती देग्रांजच्या पेपरकडे आली. तेव्हापासूनच व्यावसायिकांसोबत १०० हून जास्त हौशी लोकही धावले होते. १९३१ मध्ये मात्र मजा झाली. व्यावसायिकांची रेस ऑस्ट्रेलियाच्या ह्युबर्ट ऑपरमनने ४९ तास आणि काही मिनिटांत जिंकली. पण त्याच रस्त्यावर देग्रांजच्या बाजूचे ऑडॅक्सवाले घोळक्याने चालले होते आणि भांडून बाहेर पडलेल्या क्लबचे रँडोनर मोकळ्या वेगाने.

यातलं टिकलं कोण? १९५१ मध्ये व्यावसायिकांची शेवटची रेस झाली. नंतर इतक्या लांबच्या रेसला व्यावसायिक खेळाडू मिळेनात. मोकळ्या वेगाची राइड मात्र आज दर चार वर्षांनी होते. ९० तासांची मर्यादा असते आणि ती मारायची तर आधी एसआर व्हावं लागतं. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षी भारतातून मोठ्या संख्येने लोक गेले, त्यात मराठी मंडळीही होती. ब्रिटनीच्या खेड्यांमध्ये लोक रात्रभर घराबाहेर टेबल मांडून कॉफी देत बसतात. चाकाच्या आकाराची पॅरिस-ब्रेस्ट नावाची एक पेस्ट्रीही आहे, १९१० च्या सुमारास याच रेसवरून केलेली. आणि चार राइडचा हिशोब पॅरिसच्या त्याच क्लबात जातो, ज्याच्या हातातून १९२१ मध्ये सगळं काढून घेतलं होतं.

देग्रांजची शेवटची काही वर्षं आजारपणात गेली. १९३६ मध्ये ऑपरेशन होऊनही त्याने गाडीत बसून टूरबरोबर जायचा प्रयत्न केला. खड्ड्यांच्या रस्त्याने हाल झाले आणि दोन टप्प्यांतच त्याला परत फिरावं लागलं. रेसची सूत्रं गेली जाक गोदेकडे. १९०२ मध्ये पैशाला होकार देणाऱ्या व्हिक्टर गोदेचा हा मुलगा. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, टूरमध्ये गिअर बदलणाऱ्या सायकलींना परवानगी मिळाली.

१६ ऑगस्ट १९४० ला भूमध्य समुद्राच्या काठी आपल्या घरी देग्रांज गेला. पॅरिसमध्ये तेव्हा जर्मन सैन्य होतं आणि टूर बंद होती. पेपर युद्धातही निघत राहिला आणि त्यामुळेच १९४४ मध्ये तो बंद झाला. त्याच्या जागी १९४६ मध्ये लेकिप हे दैनिक आलं, ते आजही चालतं. १९४९ मध्ये गालिबिए घाटाच्या माथ्याजवळ देग्रांजचं दगडी स्मारक उभं राहिलं. टूर त्या घाटाने जाते तेव्हा माथ्यावर पहिला पोचणाऱ्याला त्याच्या नावाचं बक्षीस देतात. सुट्टीच्या दिवशी तिथे हौशी सायकलवाले फोटो काढताना दिसतात. प्रत्येक जण आपापल्या वेगाने चढून आलेला असतो, आणि अर्थातच गिअरवर.